देवबागच्या हॉस्टेलवर कामाला राहायचं तर

मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. तिथून रस्ता संपेपर्यंत पुढे गेलं की देवबाग. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी पाच-दहा मिनिटं चाललं की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे पोचतो. रेल्वेने यायचं तर कुडाळला उतरायचं आणि एसटीने किंवा रिक्षाने मालवण गाठायचं. देवबागची एसटी तिथून मिळते, पण फेऱ्या बेताच्याच असतात. संध्याकाळी उशिरा पोचणार असाल तर रिक्षा आधी ठरवून ठेवा.

किनाऱ्यावर आता घरगुती निवासांच्या जोडीला पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्यांसाठी लहान हॉस्टेलंही दिसतात. दोन-तीन खोल्या, खोलीत चार-सहा बंक बेड, एक सामाईक पडवी, मागे विहीर. अशा ठिकाणी राहणं-जेवण घेऊन त्या बदल्यात रोज चार-पाच तास काम करता येतं. येण्याआधी तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात: रोजचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, आणि झोपायला पाहुण्यांच्या खोलीतला बेड की वेगळी जागा. काम करायचं आणि वर ‘अनुभवाचे’ पैसेही भरायचे, असं कोणी म्हणालं तर तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रिसेप्शन येतं. पण देवबागसारख्या जागी हॉस्टेल चालतं ते विहिरीवर. चादर कोरडी लागते की चिकट, चहा कसा होतो, नळाला किती लवकर गंज चढतो, हे सगळं विहिरीच्या पाण्यावर ठरतं. म्हणून पहिल्या दिवशी विहीर समजून घ्यावी.

वाळूच्या पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडा थर असतो. हिशोब उलटाही लागू होतो. पंपाने ती पातळी फूटभर खाली ओढली आणि तशीच ठेवली, तर खालचं खारं पाणी त्याच पटीने वर यायला लागतं. म्हणून इथली जाणती माणसं पंप सलग तासभर चालवत नाहीत. वीस मिनिटं चालवायचा, तासभर विहिरीला दम खाऊ द्यायचा, मग पुन्हा वीस मिनिटं. पहाटे एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा, अशा पाळ्या लावल्या तर टाकीही भरते आणि पाणी मचूळ होत नाही. मे महिन्यात हे फार सांभाळावं लागतं. विहीर सगळ्यात खाली गेलेली असते आणि शाळांना सुट्टी लागल्यामुळे हॉस्टेल भरलेलं असतं.

शेजारच्या काकी चूळ भरूनच सांगतात, ‘आज पाणी मचूळ लागता.’ आपली जीभ तेवढी तयार नसते, म्हणून पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० पर्यंत चालतं. आकडा रोज एकाच वेळी घ्यायचा, पंप सुरू करण्याआधी, आणि वहीत लिहायचा. एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही. तो चढत चालला असेल तर पंपाच्या पाळ्या आखूड करायच्या आणि धुण्याचं पाणी बाहेरून मागवायचं.

वापराचा हिशोब सोपा आहे. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला शंभर लिटरच्या आसपास. बादलीने तीच अंघोळ तीस लिटरमध्ये होते. सोळा पाहुणे असतील तर अंघोळीत दिवसाला हजार लिटरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे न्हाणीघरात बादली आणि तांब्या समोर ठेवायचा आणि शॉवरचा कॉक अर्धाच उघडा ठेवायचा. ‘पाणी जपून वापरा’ या पाटीपेक्षा समोर ठेवलेली बादली जास्त काम करते.

पंप चालू होतो, आवाज करतो आणि पाणी येत नाही, हा इथला नेहमीचा प्रकार. बहुतेक वेळा फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या झडपेच्या, पडद्यात वाळूचा कण अडकलेला असतो. पडदा नीट बसत नाही, पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि पंपात हवा शिरते. पंप लगेच बंद करायचा, कारण कोरडा फिरला की सील जळतं. मग वरचं बूच काढून तांब्याने पाणी ओतत राहायचं. बुडबुडे थांबून पाणी काठाशी स्थिर राहिलं की बूच घट्ट करायचं, डिलिव्हरीचा (पंपातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा) व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवून पंप सुरू करायचा आणि मग तो हळूहळू उघडायचा. ओतलेलं पाणी भराभर खाली जात असेल तर पाइप वर काढून फूटव्हॉल्व्ह धुण्याशिवाय इलाज नाही. परत सोडताना तो तळापासून दोन फूट तरी वर राहील असा बांधावा, नाहीतर आठवड्यात पुन्हा वाळू खातो.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताना अंदाजाने मूठभर टाकू नये. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. विहिरीचा व्यास दोन मीटर आणि पाणी दीड मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ३.१४, भागिले चार, म्हणजे ४.७ घनमीटर, ४७०० लिटर. त्याला बारा ग्रॅम पावडर. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली सोडायची आणि चार-पाच वेळा वरखाली करायची. चुन्याचा गाळ विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. हे काम रात्री करावं. निदान एक तास ते पाणी उपसू नये आणि सकाळी पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का ते बघावं. पावडरचा डबा नीट बंद नसेल तर दमट हवेत तिचा जोर जातो, आणि मग माप बरोबर असूनही रंग येत नाही.

आता चादरी. मीठ हवेतली ओल शोषून घेतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते पाझरायलाच लागतं, आणि किनाऱ्यावर संध्याकाळनंतर ती बहुधा वरच असते. मचूळ पाण्यात धुतलेली चादर दुपारी कडक वाळलेली वाटते आणि रात्री अंगाला चिकटते. पाहुणा सांगतो, ‘चादर ओली आहे.’ ती ओली नसते, खारट असते. शेवटचं खळबळणं तरी चांगल्या गोड्या पाण्यात झालं पाहिजे, मग भले पहिली दोन पाणी कशीही असोत.

वाळत घालण्याची वेळ वाऱ्यावर ठरते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, तो कोरडा असतो. ऊन चढलं की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि सोबत मीठ आणि बारीक वाळू आणतो. पण पाहुणे खोली सोडतात दहा-अकराला, म्हणजे चादरी हाती येतात तेव्हा मतलई संपलेली असते. म्हणून आजच्या चादरी संध्याकाळी भिजत घालायच्या, पहाटे सहाला धुवायच्या आणि खारा वारा जोर धरण्याआधी, दहा-साडेदहापर्यंत काढून घडी करायच्या. यासाठी दर बेडमागे तीन जोड लागतात: एक बेडवर, एक धुण्यात, एक कपाटात. दोरी घराच्या नदीकडच्या अंगाला बांधायची, पण माडाखाली नाही. झावळ आणि नारळ कधी पडेल सांगता येत नाही.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि नवखा माणूस घाबरून ब्लीच ओततो. तशी गरज नसते. धुऊन उन्हात टाकला की हळदीचा रंग उडतो. खोबरेल तेल आणि सनस्क्रीनचे पिवळे डाग मात्र उन्हाने जात नाहीत. त्यांना धुण्याच्या सोड्याचा लगदा लावून अर्धा तास ठेवावं लागतं.

बेड लावताना गादीच्या शिवणी आणि बंकचे सांधे टॉर्च घेऊन बघायचे. काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण आहेत असं धरून चालायचं. त्या खोलीतलं सगळं कापड साठ अंशांच्या पाण्यात धुवायचं आणि खोली भरायची नाही, मग शनिवार असला तरी. सॅक बेडवर ठेवू न देणं हाच खरा बंदोबस्त आहे. त्यासाठी भिंतीला खुंट्या हव्यात.

वाळूचं सांगायचं तर फाटकाजवळ पाय धुवायचा नळ आणि त्याखाली जाळी असली की निम्मं झाडणं वाचतं. न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालचं भांडं, आठवड्यातून दोनदा उघडून हाताने साफ करायचा. पाणी तुंबायला लागल्यावर उघडला तर वाळू आणि केस मिळून घट्ट बूच झालेलं असतं.

न्याहारीला घावणे असले की पाहुणे खूश. दोन वाट्या तांदळाच्या पिठाला साडेतीन ते चार वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ, पीठ ताकासारखं पातळ. बिडाचा तवा चांगला तापवायचा, अर्ध्या कापलेल्या कांद्याने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडून मधे ओतत यायचं. ओतताच जाळी पडली पाहिजे. पडली नाही तर तवा थंड आहे. घावणा तुटत असेल तर बहुधा पीठ ढवळायचं राहिलेलं असतं. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून दर घावण्याआधी पळी तळापासून फिरवायची. सोलकढीत मीठ शेवटी, चव बघून. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आधीच खारट असतं. आणि सोलकढी तापवायची नाही, फाटते.

पडवीतल्या फळ्यावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा लिहिणं हे सगळ्यात मोलाचं काम. जुना हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, ही भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईला चांगला जुळतो. मालवणकडे भरती त्याआधी येते, म्हणून फळ्यावर लिहिताना भरतीचं छापील कोष्टक किंवा मच्छीमारांचा शब्द प्रमाण मानावा. पाहुण्यांना सांगायच्या गोष्टी यातूनच निघतात. कर्लीच्या मुखाजवळचा त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा दांडा ओहोटीला मोकळा होतो, तेव्हाच तिथे जाण्यात मजा. पण नेमक्या त्याच वेळी संगमावर नदीचं पाणी जोराने बाहेर धावत असतं, आणि तिथे पोहणं जिवावर बेतू शकतं. हे चेक-इनच्या वेळी तोंडाने सांगायचं, नुसतं फळ्यावर लिहून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर दोनदा सांगायचं. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहायचं, हेही त्याच दमात.

ओळखपत्राची नोंद पाहुणा सॅक ठेवण्याआधी करायची. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. त्या भागात वीज आणि नेट एकदमच जातात, म्हणून ती रात्रीवर टाकू नये. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो आल्याआल्या घेऊन ठेवावा.

२६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीही. तेव्हा कोणी बुकिंगला फोन केला तर सिंधुदुर्ग किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसेल, हे आधी सांगावं. बरीच हॉस्टेलं या काळात बंद ठेवतात, आणि त्याआधीचा आठवडा कामाला माणूस हवा असण्याचा खरा काळ. गाद्या भिंतीपासून वीतभर दूर उभ्या करायच्या, दोन गाद्यांमधे हवा खेळेल एवढी फट ठेवायची. प्लॅस्टिकमधे गुंडाळली तर आत बुरशी धरते. चादरी वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत. बिजागऱ्यांना आणि कुलपांना तेल. पंपाची वायर काढून मोटर पडवीत आणायची, फूटव्हॉल्व्ह धुऊन तिच्याशेजारी ठेवायचा आणि विहिरीवर जाळी बांधायची. टीडीएसच्या वहीत शेवटचा आकडा तारखेसह लिहायचा, म्हणजे सप्टेंबरमध्ये येणाऱ्याला पाऊस किती मुरला ते ताडून बघता येतं.