तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळ तोंडावर आलेला असताना चर्च इतकं शांत का?

शेजारच्या काकू एकदा माझ्याबरोबर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या आमच्या रविवारच्या उपासनेला, आल्या होत्या. २०२२ सालची गोष्ट, २७ नोव्हेंबरचा रविवार. वसई रोड स्टेशनाबाहेर सांताच्या लाल टोप्या विकायला आल्या होत्या आणि आमच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन गॅलऱ्यांत चांदण्याही लागल्या होत्या. काकूंना वाटलं, आता चर्चमध्ये नाताळची गाणी ऐकायला मिळणार. ठेवणीतली साडी नेसून आल्या. परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मला वाटलं सणाची सुरुवात असेल. पण सगळं किती साधं! फुलं बेताची, फादर जांभळ्या कपड्यांत. आणि वाचलं काय, तर पूर आला आणि माणसं वाहून गेली. बाळ येशू कुठे होता त्यात?"

हाच प्रश्न मला ऑफिसात, लोकलमध्ये, भाजीवाल्याकडे दरवर्षी वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "डिसेंबर लागला, तुमचा ख्रिसमस सुरू झाला ना?" मी "नाही, अजून नाही" म्हटलं की समोरचा गोंधळतो. रिक्षात काकूंना मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते माझंच मला पुरेसं वाटलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आम्ही कॅथलिक तेव्हा ज्या दिवसांत असतो त्याला आगमनकाळ म्हणतात. नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये कुठेतरी पडतो. काकू आल्या त्या वर्षी नाताळही रविवारीच होता, त्यामुळे पुरते २८ दिवस मिळाले. नाताळ सोमवारी आला तर हेच दिवस २२ वर येतात. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: चर्चचं नवीन वर्ष १ जानेवारीला नव्हे, या रविवारी लागतं. आदल्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण होतो, तो वर्षातला शेवटचा रविवार. आठवड्याभरात ते राजवैभव आवरलं जातं आणि वेदीवर जांभळं वस्त्र येतं. हा आमचा पाडवा, पण फटाके नसलेला.

जांभळा रंग तयारीचा आणि पश्चात्तापाचा. पूर्वी या दिवसांत उपवासही असत. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशप पर्पेत्युअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करण्याचा नियम घातला होता. आता उपवासाचा तसा नियम राहिलेला नाही, पण साधेपणा राहिला आहे. रविवारच्या मिस्सात एरवी आम्ही सगळे उभे राहून देवाचं गौरवगीत म्हणतो, 'ग्लोरिया'. आगमनकाळात ते म्हणत नाहीत. देवदूतांनी बेथलेहेमच्या मेंढपाळांना ऐकवलेल्या शब्दांनीच ते गीत सुरू होतं, म्हणून ते नाताळाच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. लहान होते तेव्हा ही रिकामी जागा मला फार जाणवायची. क्षमायाचनेनंतर सवयीने श्वास भरून घ्यायचा आणि फादरांनी थेट प्रार्थनेला सुरुवात करायची. तो भरलेला श्वास तसाच छातीत राहायचा. 'आलेलुया' हा स्तुतीचा घोष मात्र आम्ही म्हणतो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, तेही बंद असतं. यावरून फरक ओळखायचा. हे दुःखाचे दिवस नाहीत. आनंद आहे, पण आवरून धरलेला.

वेदीजवळ हिरव्या पानांचं एक कडं असतं, त्यावर चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत जायचं. गुलाबी असते तिसऱ्या रविवारची, तेव्हा अर्धी वाट सरलेली असते आणि आनंद थोडा बाहेर डोकावतो. आमच्या लहानपणी हे कडं गावातली तरुण मुलं बनवायची. सूचिपर्णी झाडं आमच्याकडे कुठली! सायकलची जुनी रिम घ्यायची, तिला सुतळीने पेंढा गुंडाळायचा आणि त्यात अशोकाच्या डहाळ्या खोचायच्या. दुसऱ्या आठवड्यात पानं माना टाकायची, मग कोणीतरी नव्या डहाळ्या आणायचं. खूप वर्षांनी मला कळलं की या कड्याची सुरुवातच मुळी चाकापासून झाली होती. जर्मनीत हाम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मगुरू गरीब मुलांसाठी एक वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची. १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. किती दिवस उरले ते मुलांना मोजता यावं, एवढाच हेतू. कॅथलिक चर्चमध्ये ही प्रथा पुढे विसाव्या शतकात आली. वसईतल्या ज्या मुलांनी सायकलची रिम उचलली, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे.

आता काकूंच्या मुख्य प्रश्नाकडे येते. बाळ येशू कुठे होता?

पहिल्या रविवारी तो नसतोच. आमची रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने चालतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. येशूची कथा सांगणारी ही तीन शुभवर्तमानं. तिन्ही वर्षी या रविवारचं शुभवर्तमान हे प्रौढ येशूचं, क्रूसावर जाण्याच्या काही दिवस आधीचं बोलणं असतं, आणि विषय एकच: तो पुन्हा येणार आहे, जागे राहा. काकूंनी ऐकलं ते मत्तयाचं. नोहाच्या काळात लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते आणि पूर येईपर्यंत त्यांना काही कळलं नाही. शेतात दोघे असतील, एक नेला जाईल, एक राहील. जात्यावर दोघी दळत असतील, एक नेली जाईल, एक राहील. ऐकताना भीती वाटते हे खरं. पण त्याच दिवशी पहिल्या वाचनात यशया संदेष्टा सांगतो की लोक आपल्या तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील आणि यापुढे युद्धकला शिकणार नाहीत. भीती आणि आशा एकाच सकाळी, एकाच व्यासपीठावरून वाचली जातात. वर्षाच्या पहिल्या दिवशी शेवटाबद्दल बोलायचं, हे चर्चचं शहाणपण मला वय वाढेल तसं अधिक पटत गेलं आहे. कुठे जायचं ते ठाऊक असेल तर वाट चालता येते. १६ डिसेंबरपर्यंत मुख्य सूर हाच असतो. १७ तारखेपासून मग आम्ही खऱ्या अर्थाने बेथलेहेमच्या, म्हणजे येशूजन्माच्या, रस्त्याला लागतो.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचे संत बर्नार्ड यांनी यावर प्रवचन केलं होतं. ते म्हणाले, प्रभूची आगमनं तीन. एक होऊन गेलं, गोठ्यातलं. एक व्हायचं आहे, काळाच्या शेवटी. आणि या दोन्हींच्या मधलं तिसरं, गुपचूप, रोज माणसाच्या अंतःकरणात होणारं. हे तिसरं मला सर्वांत अवघड वाटतं, कारण त्याला तारीख नाही.

'आगमन' हा शब्द आज मराठी माणसाच्या कानाला गणपतीमुळे ओळखीचा आहे, आणि मला त्याचा आनंदच वाटतो. ज्याची वाट पाहिली तो दारात येतो, ही भावना समजावून सांगावी लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओव्यांमध्ये जे ख्रिस्तपुराण रचलं ते १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं. त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ होतो: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं विवेचन. त्याचे दोन भाग आहेत. जन्माची कथा येते दुसऱ्या भागात, म्हणजे दुसऱ्या पुराणात. त्याआधीचं सबंध पहिलं पुराण हे जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांचं आहे. म्हणजे मराठीत आगमनकाळ चारशे वर्षांहून अधिक काळ गायला गेला आहे.

मला खंत कशाची वाटते तेही सांगते. आता आमच्यातच अनेकांना दम धरवत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये नाताळ पार्टी होते, गाणी वाजतात, केक कापला जातो. आणि २६ तारखेला चांदणी उतरवून माळ्यावर जाते. खरं तर नाताळकाळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गाणी गायची ती तेव्हा. उपाशी राहून जेवणाला बसावं आणि येता-जाता चरून बसावं, यात फरक आहे. मी माझ्या मुलांना २४ च्या रात्रीपर्यंत घरातल्या गोठ्यातली, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातली, गव्हाणी रिकामी ठेवायला लावते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं तसं, दिवसाकाठी एखादं चांगलं काम केलं की भाताच्या पेंढ्याची एक काडी त्या गव्हाणीत टाकायची. बाळासाठी अंथरूण. मुलं कधी कधी दोन टाकतात, मी बघून न बघितल्यासारखं करते.

पण हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. मला आगमनकाळ समजला तो १९९० साली, नऊ वर्षांची असताना. पप्पा जहाजावर होते. ऑक्टोबरमध्ये त्यांचं रॉटरडॅमहून पत्र आलं की काँट्रॅक्ट संपत आलंय, रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आला की साइन ऑफ होऊन जहाज सोडेन, नोव्हेंबरअखेर नाहीतर नाताळापर्यंत घरी. घरी फोन नव्हता. जहाजावरच्या माणसाची तारीख जहाजाच्या हातात असते, आणि रिलिव्हर कधी येईल ते कोणीच सांगू शकत नसे.

२ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता आणि वाचन होतं मार्कचं. घरधनी परदेशी गेलाय, त्याने चाकरांना कामं वाटून दिली आहेत आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगितलं आहे. तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की पहाटे, तुम्हाला ठाऊक नाही. मी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती, पण तिने माझा हात दाबला.

त्या दिवसापासून मी आईला निरखायला लागले. ती दारात बसून राहिली नाही. तिने गच्चीवर गाद्या उन्हात घातल्या. ओटीवरच्या भिंतीला चुना लावून घेतला. पप्पांचा निळ्या काठाचा चिनी मातीचा कप रोज विसळून पालथा घालायची, जणू सकाळीच कोणी त्यातून चहा प्यायलं आहे. बाहेरचा दिवा रात्रभर चालू असायचा. विजेचं बिल वाढेल म्हणून आजी बोलायची, आई ऐकून घ्यायची आणि दिवा चालूच ठेवायची. नाताळ आला. कलकल नावाचा गोड फराळ आणि करंज्या झाल्या, मध्यरात्रीची मिस्सा झाली, बाळ गव्हाणीत ठेवलं. पप्पा आले नव्हते. आईने डब्यात त्यांच्या वाटणीचं काढून ठेवलं. जानेवारीत शेजारपाजारचे गोठे निघाले, आमचा निघाला नाही. "पप्पांनी बघितल्याशिवाय काढायचा नाही," एवढंच ती म्हणाली. पेंढा पिवळ्याचा करडा झाला, कागदाचा डोंगर एका बाजूने बसला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमारास रिक्षा दारात थांबली. मार्कने सांगितलेल्या चारही वेळांत ती वेळ नव्हती. आजी झोपली होती, मी ओटीवर गणितं सोडवत होते आणि आई मागच्या दारी बोंबील साफ करत होती. मी ओरडले, तशी ती धावत पुढे आली. पप्पा बॅग खाली ठेवून गोठ्यासमोर उभे होते. आईचे हात मासे साफ करून बरबटलेले होते, म्हणून ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि म्हणाली, "आलात? थांबा, चहा टाकते. कप विसळलेलाच आहे."