आनंदासाठी बाग: या हंगामातील नोंदी

ज्या कामात मला आनंद मिळत नाही आणि ज्यावाचून झाडाचे काही अडत नाही, ते काम यापुढे बागेत करायचे नाही, असे मागील हंगाम संपताना मी वहीत लिहून ठेवले होते. त्या निर्णयानंतर बागेत जे बदल दिसले, त्यांच्या या नोंदी आहेत.

पहिला बदल गुलाबांत झाला. एकच मोठे, भरदार फूल मिळावे म्हणून दांडीच्या टोकाची मधली कळी राखून तिच्या बाजूच्या कळ्या कोवळ्या असतानाच खुडण्याची पद्धत आहे. प्रदर्शनासाठी गुलाब वाढवणारे ती कसोशीने पाळतात आणि तिच्यामागचे कारणही पक्के आहे, कारण दांडीकडे येणारे अन्न वाटले न जाता एकाच कळीला मिळते. मला मात्र हे खुडणे कधीच रुचले नाही. यंदा सगळ्या कळ्या राहू दिल्या, तेव्हा फुले लहान आली पण घोसाने आली, आणि मधले फूल कोमेजल्यावर बाजूच्या कळ्या उमलत राहिल्यामुळे एकेक दांडी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काळ फुललेली राहिली. सुकलेली फुले कापून टाकण्याचे काम मी सोडलेले नाही; त्यामुळे नवे फुटवे येतात, शिवाय सकाळी कात्री घेऊन गुलाबांमधून फिरणे ही माझ्या आवडीची गोष्ट आहे.

याच गुलाबांच्या पानांवर कडेने कापलेली, जणू मोजून काढलेली गोल आणि लांबट भोके दिसू लागली. हे काम पाने कापणाऱ्या एकाकी मधमाशीचे आहे. ती पान खात नाही. पोकळ काडीत किंवा एखाद्या भोकात ती पानांच्या तुकड्यांची घरकुले रचते, लांबट तुकडे भिंतींना आणि गोल तुकडे झाकणाला वापरते, आणि प्रत्येक घरकुलात पराग व मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते. झाडाला यामुळे सहसा काही बाधा होत नाही. निर्दोष पानांचा आग्रह धरला तर हे तुकडे म्हणजे नुकसानच ठरेल. माझ्या दृष्टीने ती या हंगामातील सर्वांत आनंदाची नोंद आहे. छाटणीतून निघालेल्या काही पोकळ काड्यांची जुडी बांधून मी पावसापासून आडोशाला, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी आडवी टांगली आहे. त्यांतील काही काड्यांची तोंडे हिरव्या पानांनी बंद झालेली दिसतात.

लिंबाच्या झाडावर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या आल्या. सुरुवातीला त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे पक्ष्यांच्या नजरेतून सुटतात; शेवटच्या अवस्थेत त्या हिरव्या होतात, आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. मोठे झाड एवढी पाने सहज देऊ शकते, परंतु लहान रोपाची पाने त्या पार संपवू शकतात. म्हणून रोपावरच्या अळ्या मी पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवल्या. ज्यांच्याकडे केवळ एखादे कोवळे रोप आहे, त्यांनी अळ्या राहू द्याव्यात असे मी म्हणणार नाही.

वाफ्यांच्या सरळ ओळी मात्र आता उरलेल्या नाहीत. गुलबक्षी, झेंडू आणि तेरडा यांचे बी जिथे पडले तिथे उगवले, आणि पायवाट अडवणारी रोपे वगळता बाकीची मी तशीच ठेवली. गुलबक्षीच्या बाबतीत तर ही मोकळीक फारच फळाला आली. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या जातींच्या संकरातून गुलाबी फुले येतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी व पांढरा हे तिन्ही रंग साधारण 1:2:1 या प्रमाणात दिसतात, हे आनुवंशिकीतील प्रसिद्ध उदाहरण आहे. गुलाबी झाडाखाली आपोआप उगवलेले रोप कोणता रंग देईल, हे ते फुलेपर्यंत सांगता येत नाही. फुले उन्हे कलल्यावर उमलतात, त्यामुळे नव्या झाडाचा रंग पाहण्यासाठी संध्याकाळची वेळ मी मुद्दाम राखून ठेवते.

खताच्या ढिगाबद्दल थोडक्यात लिहिते. कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण 30:1 च्या आसपास राखून ढीग वरचेवर हलवला, तर खत लवकर तयार होते. परंतु ती मेहनत मला नकोशी वाटते. मी पालापाचोळा आणि हिरवा कचरा थरांनी टाकते, ओलावा राखते आणि ढीग गांडुळांवर सोपवते. असा ढीग पुरेसा तापत नाही, त्यामुळे त्यातील तणाचे बी आणि रोगाचे बीजाणू मरतीलच याची खात्री नसते. म्हणून काळे ठिपके पडलेली गुलाबाची पाने आणि बी धरलेले तण मी त्यात कधीही टाकत नाही. आनंदासाठी बाग करतानाही हा नियम मला सोडावासा वाटत नाही, कारण रोग पसरला तर पुढचा सगळा हंगाम फवारणीत जातो.

पुढील कामे ठरली आहेत. गुलबक्षीच्या पांढऱ्या फुलांच्या झाडांचे बी वेगळे जमवायचे आहे, तेरड्याची दाट उगवलेली रोपे विरळ करून गुलाबांच्या आळ्यांबाहेर हलवायची आहेत, आणि पानांनी बंद झालेल्या काड्यांची जुडी नव्या मधमाश्या बाहेर पडेपर्यंत जागची हलवायची नाही.