दुपारी चार आणि रात्री साडेआठ

रविवारी एकाच नाट्यगृहात आमचे दोन प्रयोग लागले होते. दुपारी ४ चा, एका ज्येष्ठ नागरिक संघाने घेतलेला कॉन्ट्रॅक्ट शो. रात्री ८.३० चा नेहमीचा, बुकिंगवरचा. नाटक तेच, संच तोच, खुर्च्या त्याच ९००. एका गाजलेल्या जुन्या चित्रपटावरून केलेलं संगीत नाटक. प्रयोग चालू असल्याने नाव सांगत नाही. नऊ गाणी, त्यातली सहा चित्रपटातली, तीन नवी. साउंडचा कन्सोल, म्हणजे सगळे आवाज कमी-जास्त करायचं टेबल, तळमजल्यावर शेवटच्या रांगेमागे असतो, त्यामुळे आम्हा साउंडवाल्यांना प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत. पाठी दिसतात, आणि मोबाइलचा उजेड दिसतो. तेवढं पुरतं.

दुपारी तिसरी घंटा झाली, पडदा गेला, पहिल्या गाण्याच्या मेंडोलिनचे चार स्वर वाजले आणि टाळ्या सुरू झाल्या. गाणं संपल्यावर टाळी पडते त्यासाठी आम्ही तयार असतो. ही टाळी गाणं ओळखल्याची होती आणि सात सेकंद टिकली. मुखड्याची पहिली ओळ पाचव्या सेकंदाला होती. ती पूर्ण बुडाली.

अशा वेळी नव्या ऑपरेटरचा हात फेडरवर, म्हणजे आवाज वाढवायच्या सरकपट्टीवर जातो, आणि तिथेच चूक होते. कॉलर माइक, म्हणजे एरवी कपड्याला लावतात तो छोटा माइक, इथे कपाळावर, केसांच्या रेषेत चिकटवलेला असतो, म्हणजे तोंडापासून चांगला लांब. त्याचा गेन, म्हणजे माइकची आवाज उचलण्याची पातळी, आधीच काठावर असतो. भरलेल्या थिएटरच्या टाळीवर आवाज काढायचा म्हणून आणखी सहा-आठ डेसिबल ढकलले, की स्पीकरमधून फीडबॅकची शिट्टी वाजलीच. उपाय आवाज वाढवण्यात नसतो, वेळ देण्यात असतो. सुरुवातीचा तुकडा फिरवत ठेवायचा आणि टाळी ओसरायला लागली की गायिकेला शिरू द्यायचं. ढोलकी, तबला, कीबोर्ड आणि बासरी प्रत्यक्ष वाजत असली तर हे कीबोर्डवाल्याच्या मानेच्या एका झटक्यावर होतं. बाकीची वाद्यं आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर असली तर ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. त्यासाठी ट्रॅकचे दोन भाग करून क्यूलॅबमध्ये, म्हणजे ट्रॅक वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिला भाग लूपवर टाकावा लागतो. बटण दाबलं की तो चालू फेरा पूर्ण करतो आणि मगच पुढे सरकतो. आमचा ट्रॅक तेव्हा एकसंध होता.

दुसऱ्या गाण्यात संघाची मंडळी ठेका धरून टाळ्या वाजवायला लागली. कलाकारांना हे फार आवडतं, आम्हाला नाही. शेवटची रांग रंगमंचापासून २५ मीटरवर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरमधली ढोलकी तिथे पोचायला ७३ मिलिसेकंद, आणि तिथली टाळी परत रंगमंचावर यायला तेवढेच. दोन्ही मिळून १४६. मिनिटाला १२० ठोके अशी लय असेल तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. म्हणजे मागची टाळी गायकाच्या कानावर जवळजवळ एक तृतीयांश ठोका उशिरा पडते. गायक तिच्या मागे लागला की लय मंदावत जाते, आणि ट्रॅक मात्र पुढे निघून जातो. मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, ढोलकी वाढवली, गायकाला विंगेतून खूण करवली: समोर ऐकू नकोस, पायाशी ऐक. दुसऱ्या अंतऱ्याला गाडी रुळावर आली.

खरा प्रसंग पहिल्या अंकाच्या शेवटी घडला. चित्रपटातल्या त्या गाण्यात मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये बासरीचा आठ आवर्तनांचा तुकडा आहे. नाटकात तो चार आवर्तनांवर आणला होता, कारण तिथे नायिकेचा एक छोटा संवाद घालायचा होता. बसवताना सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटलं होतं. प्रयोगात बासरी चौथ्या आवर्तनाला थांबली आणि प्रेक्षक थांबले नाहीत. त्यांनी उरलेली चार आवर्तनं गुणगुणली. मोठ्याने नाही, आपापल्या खुर्चीत, पण पाच-सहाशे घशांची ती गुणगुण थेट कन्सोलपर्यंत आली. संवाद त्याच्याखाली गेला. नायिकेने हुशारीने वाक्य अर्ध्यावर सोडलं, गुणगुण संपेपर्यंत थांबली आणि अंतरा उचलला. त्यावर जी टाळी पडली ती त्या दुपारची सगळ्यात मोठी.

एक गंमत नोंदवायला हवी. हेच गाणं नायिकेच्या आवाजासाठी मूळ पट्टीपेक्षा दीड स्वर खाली घेतलं आहे, आणि ते एकालाही खटकलं नाही. पट्टी लोकांच्या तितकी लक्षात राहत नाही. लय आणि मधली वाद्यं राहतात.

मध्यंतरात चहाचे कप घेऊन लोक कन्सोलपाशी घोटाळतात. ऐकू आलं ते असं: ‘ते पावसातलं गाणं इतक्या लवकर का घेतलं?’ कारण सरळ आहे. चित्रपटात कट मारला की साडी बदललेली असते. इथे नायिकेला विंगेत ५० सेकंद लागतात, आणि ते झाकायला दुसऱ्या कुणाचं तरी गाणं मध्ये लागतं. पण हे तिकीट काढणाऱ्याने का समजून घ्यावं? दुसऱ्या अंकात पहिल्या नव्या गाण्याला पंधरा-वीस मोबाइल उजळले, खोकले सुरू झाले. तेच गाणं ओळखीच्या गाण्याला लागून आलं असतं तर निभावलं असतं.

शेवटाकडे वन्समोअर आला. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून लागलेली ही सवय, एकेकाळी संगीत नाटकं तिच्यापायी पहाटेपर्यंत चालत. आता दोन प्रयोगांमध्ये थिएटर रिकामं करून द्यायचं असतं. पूर्ण गाणं परत घेत नाही, शेवटचा अंतरा घेतो, दीड मिनिट. तोही फक्त प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या गाण्यांचा. आमच्या दोन गाण्यांना आवाज ट्रॅकवर आहे आणि नट ओठ हलवतात. तिथे टाळी पडते, पण कोमट. ‘मुघल-ए-आझम’ २०१६ मध्ये मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात मंचावर आलं तेव्हा दिग्दर्शक फिरोज अब्बास खान यांनी अनारकलीच्या भूमिकेत स्वतः गाणाऱ्या अभिनेत्री घेतल्या, प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम. लताबाईंचा आवाज डोक्यात घेऊन आलेल्या माणसासमोर दुसरा मार्गच नाही, असं आमचं मत. गळा खरा चाललाय हे दिसलं की तुलना थोडी सैल होते.

रात्रीसाठी कॉलर माइकच्या सगळ्या ट्रान्समीटरचे सेल बदलले. एकाही सेलला दोन प्रयोगांचं काम द्यायचं नाही, हा नियम. घामाने बुजलेली माइकची एक कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारं टोक, बदलली. आणि नायकाने मनात ठरवून टाकलं की दुपारची गंमत परत करायची. दुपारी त्याचा तो प्रसिद्ध संवाद त्याच्या आधी सभागृहाने पूर्ण केला होता. रात्री त्याने अर्धं वाक्य म्हणून मुद्दाम पॉज घेतला. समोर बहुतेक पंचविशीतले. तीन सेकंद, चार सेकंद, नुसता एसीचा आवाज. बाल्कनीतून एक बारीक हसू. उरलेलं वाक्य त्याने घाईत उरकलं. बासरीच्या जागीही कुणी गुणगुणलं नाही, संवाद स्वच्छ ऐकू आला. आणि नव्या गाण्याला, ज्याला दुपारी खोकले मिळाले होते, शिट्ट्या मिळाल्या.

दुपारचं पाहून बासरीची जागा बदलावी असं आम्ही म्हटलं. आमचे दिग्दर्शक म्हणाले, बदलू नका, रात्रीचं बरोबर होतं. आम्ही बदललं. बासरी आता आठ आवर्तनं वाजते, संवाद पाचव्यावर सुरू होतो आणि नायिकेला मोकळीक आहे: गुणगुण आली तर थांबायचं, नाही आली तर बासरीवर बोलायचं. बासरीचा फेडर तिच्या पहिल्या शब्दाला सहा डेसिबल खाली. पॉजची मोकळीक मात्र नायकाला दिलेली नाही.