बोटी वर ओढायच्या दिवसांत

गेल्या सोमवारी हर्णैला पोचलो. आत्यानं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि मी पहिला घोट घ्यायच्या आत विचारलं, "तीन महिने भरपगारी रजा? खरं सांग, आजारी आहेस का?"

फोनवर सगळं सांगून झालं होतं, पण तिला पटलं नव्हतं. तिचंही बरोबर आहे. तिनं पाहिलेले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रविवारी उपासना, सोमवारी घरभेटी, मंगळवारी मयत असे राबले आणि निवृत्तीच्या दिवशीच थांबले. काहींनी तर तोवरही दम काढला नाही.

मी इंग्लंडात, स्टोक-ऑन-ट्रेंटला, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचा पाळक आहे. माझ्याकडे तीन चर्च आहेत. तिकडच्या मेथडिस्ट चर्चचा नियम असा की पाळकाला सेवेच्या दहाव्या वर्षी तीन महिन्यांची विश्रांती मिळते, आणि पुढे दर सात वर्षांनी. तिला सबॅटिकल म्हणतात. हा शब्द आपल्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, शब्बाथातूनच आलाय, सातव्या दिवसाच्या विश्रांतीतून. या तीन महिन्यांत काय करणार याचा आराखडा आधी लिहून द्यावा लागतो. माझ्या आराखड्यात पहिली ओळ आहे, 'पाऊस. हर्णै, जिल्हा रत्नागिरी.' माझी रजा १ जुलैपासून आहे. आत्ता बारा दिवस आलोय ते घर राहण्याजोगं करायला.

ही रजा मला का हवी होती, ते सांगतो. फेब्रुवारीत एका आठवड्यात तीन अंत्यविधी होते. तिसऱ्या वेळी प्रार्थना चालू असताना माझ्या तोंडून दुसऱ्याच माणसाचं नाव निघालं, परवा पुरलेल्या माणसाचं. पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, नंतर हातही मिळवला. पण ती नजर अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिच्या वडिलांना शेवटचं नावानं हाक मारायची जबाबदारी माझी होती. त्या रात्री मी रजेचा अर्ज भरला. त्याआधी वर्षभर तो टेबलाच्या खणात पडून होता.

अर्ज भरणं सोपं होतं. सोपवणं जड गेलं. आमच्याकडे दर तीन महिन्यांचा एक तक्ता निघतो, कुठल्या रविवारी कुठल्या चर्चमध्ये संदेश कोण देणार याचा. त्यातले बरेच जण पाळक नसतातच. शाळाशिक्षक, नर्स, निवृत्त ड्रायव्हर असे प्रशिक्षण घेतलेले मंडळीतलेच लोक असतात. त्यामुळे रविवार अडत नाही. अडतात ते गुरुवार. कोणाच्या नातवाचा खटला चालू आहे, कोणाला किमोच्या दिवशी नुसतं शेजारी बसलेलं चालतं, प्रार्थना नको असते, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. ते मी वहीत लिहून काढायला बसलो. एकोणीस पानं झाली. लिहिता लिहिता कळलं की इतकी वर्षं यातलं काहीच मी कोणाच्या हाती दिलं नव्हतं. हे माझं चुकलंच. मंडळी माझी नाही, प्रभूची आहे, असं दर रविवारी सांगणारा माणूस एकोणीस पानं मनात कोंडून बसला होता.

आणि आमचं ठरलंय की या तीन महिन्यांत मला फोन करायचा नाही, अंत्यविधीसाठीसुद्धा नाही.

एक नव्वदीच्या आजी आहेत, त्यांच्या घरी मी पंधरवड्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन जातो. त्यांना सांगताना माझा आवाज अडखळला, कारण परत येईन तेव्हा त्या असतीलच असं नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांचं सगळं आयुष्य मातीची भांडी करणाऱ्या कारखान्यात गेलं. स्टोक म्हणजे कपबश्यांचं गाव. त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यात दोन आठवडे सगळे कारखाने एकदम बंद व्हायचे आणि भट्ट्या थंड पडायच्या. एरवी धुरानं काळं असलेलं आकाश तेवढ्या दिवसांत स्वच्छ व्हायचं, आणि समोरची टेकडी घरातून दिसायची. मग माझा हात धरून म्हणाल्या, "जा. टेकडी बघून ये."

इथे घरावर माणूस लावलाय. कौलं चाळून झाली, फुटकी बदलली, दोन वासे आणि बऱ्याच रिपा नव्या घातल्या. आठवड्याभरात घर शाकारून होईल. खाली बंदरावरही शाकारणीच चाललीय. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला असतो आणि मासळीचा विणीचा हंगाम असतो. काही बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला नेल्यात, काही वाळूवर ओढून वर ताडपत्री टाकलीय. शेजारच्या पाजपंढरीचे एक तांडेल, बोटीचे प्रमुख, बाबांच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याजवळ संध्याकाळी बसलो. ते जाळं मांडीवर घेऊन एक एक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बोटानं ताणून बघत होते. तुटका दिसला की तिथेच थांबून गाठ मारायची, मग पुढचा. तासाभरात हातभर जाळं झालं असेल. बोट वर घेतली की खरं काम सुरू होतं, असं ते म्हणाले. पाण्यात असताना बुडाला काय झालंय ते दिसत नाही.

घराच्या मागे वर आमची थोडी वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन आहे. आजोबा तिथे एक वर्ष नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग तीळ घ्यायचे आणि नंतर काही वर्षं पड टाकायचे. अजून दोन वर्षं नाचणी काढावी असं घरात कोणाला वाटलं, तरी ते ऐकत नसत. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तेच आहे, सहा वर्षं पेर आणि सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ दे. पण मला त्याहून हलवून टाकतो तो इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातला शेवटचा अध्याय. लोकांनी जमिनीला विसावा दिलाच नाही, आणि मग बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात सत्तर वर्षं ती ओसाड पडली, तेव्हा तिनं आपले राहिलेले शब्बाथ भोगून घेतले. आपण दिली नाही तर जमीन आपली विश्रांती घेतेच. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी माझ्या तोंडून चुकीचं नाव निघालं, तेव्हा माझी थकबाकी वसूल होत होती, असं मला वाटतं.

स्कॉटिश मिशनरी या किनाऱ्यावर पहिल्यांदा आले ते १८२३ मध्ये, इथून वर बाणकोटला. मुंबईला मोठं काम उभं करणारे जॉन विल्सनही सुरुवातीला मराठी शिकायला याच भागात राहिले. त्यांनी इथली भाषा शिकायला काही महिने दिले, मी ती परत ऐकायला येतोय. इंग्रजीत प्रार्थना करून करून माझी मराठीतली प्रार्थना आखडलीय. परवा आत्याच्या ओसरीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणायला लागलो आणि दुसऱ्या कडव्याला अडलो. आत्यानं पुढे म्हटलं. टिळकांचा जन्म याच जिल्ह्यातल्या करजगावचा, हे लहानपणी तिनंच मला सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये बायको आणि मुलगी येतील. तोवर आम्ही दोघंच. सोबत पुस्तकं आणायची नाहीत असं ठरवलंय, फक्त बाबांचं जुनं शास्त्र.

"जुलैत येतोस खरा, पण ताजी मासळी नाही मिळायची हो," आत्या काल म्हणाली. मी म्हटलं, चालेल. तिला ते चालण्यासारखं नव्हतं. आज सकाळपासून अंगणात सोडे आणि बोंबील उन्हात घातलेत, कावळ्यांवर नजर ठेवायला मला बसवलंय. आत्ताच एक डबा भरून तिनं झाकण घट्ट लावलं, त्यावर खडूनं माझं नाव लिहिलं आणि तो माळ्यावर ठेवायला मला शिडीवर चढवलं.