एका दाखल्यात अडकलेलं लग्न

मेलबर्नच्या ओकली भागात आमच्या शेजारी ग्रीक आजी राहतात. वय ब्याऐंशी. त्यांनी स्वतःची गोष्ट लिहायला परवानगी दिली, नावं मात्र नकोत म्हणाल्या.

गाव पेलोपोनीजमधल्या अर्काडियाच्या डोंगरातलं. एकाच वर्गातले दोन मित्र आणि आजी. जीव जडला होता त्यातल्या एकावर. त्याचे वडील जर्मनांविरुद्ध डाव्या गटाकडून लढलेले. पुढे १९४६ ते ४९ च्या यादवी युद्धात डावे हरले आणि वडिलांची रवानगी माक्रोनिसोस या उजाड बेटावरच्या छावणीत झाली. शिक्षा भोगली बापाने, पण डाग मुलावरही राहिला. त्या काळी ग्रीसमध्ये सरकारी नोकरी असो की पासपोर्ट, आधी पोलिसांकडून ‘सामाजिक विचारां’चा दाखला आणावा लागे. घरात कोणी डावा असला की तो मिळणं मुश्कील. माझ्या पासपोर्टच्या वेळी पुण्यात हवालदार आले, पत्ता बघितला, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारून गेले. माझे वडील कोणाला मत देतात, हे कुणी विचारलं नाही. आजींचं ऐकेपर्यंत मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने १९५२ मध्ये ग्रीसशी स्थलांतराचा करार केला होता. गावंच्या गावं रिकामी होत होती. आजींचा जीव जडला होता त्या मुलाने पासपोर्टसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार. मित्राच्या घरचे राजनिष्ठ, त्याला दाखला सहज मिळाला. तो मेलबर्नला मोटारींच्या कारखान्यात लागला आणि वर्षभरात त्याने आजींना मागणी घातली. आजींच्या वडिलांनी होकार कळवून टाकला. १९६२ साली एकोणीस वर्षांच्या आजी पिरेयसला ‘पात्रिस’ बोटीत चढल्या. निरोप द्यायला गावात राहिलेला तो मुलगा बंदरावर आला नाही.

२१ एप्रिल १९६७ ला ग्रीसमध्ये लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली आणि हजारो डाव्यांना उचललं. त्या मुलालाही यारोस या कैद्यांच्या बेटावर नेल्याची बातमी पत्रातून आली. त्यानंतर आजींचे यजमान दर महिन्याला पगारातून त्याच्या आईला पैसे पाठवत राहिले. बायकोला सांगून, उघडपणे. राजनिष्ठ घरातला हा माणूस मेलबर्नमध्ये हुकूमशाहीविरुद्धच्या मोर्च्यांतही जायचा. मला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो हा माणूस, आणि प्रेमकथांमध्ये त्याच्यासारख्याला नेहमी खलनायक करतात याचा मला राग येतो.

१९७४ मध्ये हुकूमशाही कोसळली, दाखलाही गेला. पण तोवर आजींना दोन मुलं होती, आणि अथेन्समध्ये त्याचंही लग्न झालं होतं. १९८३ साली तिघं भेटले. तासाभरातच दोघे मित्र ग्रीसचे तेव्हाचे समाजवादी पंतप्रधान पापांद्रेऊ यांच्यावरून कडाकडा भांडायला लागले. आजी सांगतात, मी सरळ झोपायला गेले.

पोलिसांनी नागरिकांवर ठेवलेल्या लाखो फायली १९८९ मध्ये सरकारने भट्टीत जाळून टाकल्या. इतिहासकारांनी विरोध केला होता. आजींना मात्र ते योग्यच वाटतं. “त्याच्याविरुद्ध कोणी सांगितलं, त्यात माझ्या वडिलांचं नाव निघालं असतं तर?” असं त्या विचारतात. यावर आमचं एकमत होत नाही. ज्या कागदाने त्यांचं आयुष्य ठरवलं, तो वाचायचा हक्क निदान त्यांना तरी हवा होता, असं मी म्हणते.