मोसंबीच्या साली आणि ऑक्टोबर

परदेशातल्या व्हिडिओंमधला शरद ऋतू बघायला छान असतो. खिडकीबाहेर लालपिवळी पानं, आत जाड स्वेटर घातलेली बाई आणि शेगडीवर एक भांडं. भांड्यात सफरचंदाच्या फोडी, संत्र्याच्या चकत्या, दालचिनीची कांडी, थोड्या लवंगा, वर तरंगणारं चक्रीफूल. ते पाणी प्यायचं नसतं, गाळायचं नसतं. घराला वास यावा एवढ्यासाठी ते तास दोन तास मंद आचेवर हलत असतं. माझ्या लेकीने हे कुठेतरी पाहिलं आणि माझ्यामागे लागली, "आई, आपण पण करूया ना!" बाहेर तेव्हा ठाण्याचा ऑक्टोबर होता. पाचपाखाडीतल्या आमच्या घरात पंखा पाचवर फिरत होता आणि ओट्यापाशी उभं राहणं नको म्हणून पोळ्या मी सकाळी सहालाच उरकल्या होत्या.

महिना तोच, हवा मात्र उलटी. तिकडे थंडीने खिडक्या बंद, हीटरमुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत. तिथे शेगडीवर पाणी उकळत ठेवलं तर वास येतो तो येतोच, शिवाय हवेला थोडा ओलावा मिळतो. आपल्याकडे मुंबई-ठाण्यातून पाऊस ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो असं हवामान खात्याचं वेळापत्रक सांगतं. तो गेला की पारा चौतीस-पस्तीसवर, आणि खाडीकाठची दमट हवा आहे तिथेच. मिठाच्या बरणीतले तांदूळ काढायची अजून वेळ आलेली नसते. अशा हवेत आणखी वाफ सोडणाऱ्या माणसाला शहाणा कोण म्हणेल?

तरीही केलं, कारण गरज होतीच. चार महिन्यांच्या पावसानंतर आमच्या घराला एक वास धरतो. कपाटातल्या साड्या, चपलांचं स्टँड, माळ्यावरची सुटकेस, पुस्तकांचा खालचा खण, सगळीकडून तोच कुबट वास येतो. तुमच्याकडे येत नसेल तर तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि पश्चिमेला दुसरा टॉवर उभा राहिलेला नसेल. आमच्याकडे राहिलाय.

यावर माझं मत जरा कडक आहे. बुरशीवर दालचिनी फिरवून काही होत नाही. कुबट वासात दालचिनी मिसळली की कुबट दालचिनी तयार होते. आधी गाद्या उन्हात, कपाटं सताड उघडी, खणातले कागद बदललेले, भिंतीला लागून असलेलं सगळं वीतभर पुढे ओढलेलं. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, पण गाद्यांसाठी त्याच्यासारखं ऊन वर्षात दुसरं नाही. हे सगळं झाल्यावर पातेलं चढवायचं. आणि चढवायचं ते दुपारी नाही, संध्याकाळी दिवेलागणीला, खिडकी अर्धी उघडी ठेवून आणि चिमणी बंद करून. चिमणी चालू ठेवून हा उद्योग करणं म्हणजे वास थेट शेजारच्या डक्टला दान करणं.

आमचं पहिलं पातेलं व्हिडिओबरहुकूम नव्हतं. घरात होतं ते घातलं: दालचिनी, लवंग, आल्याचा तुकडा, कुंडीतली तुळस. पाच मिनिटांत सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर. "काढा कोणाला गं? कोणाला बरं नाही?"

त्यांचं काय चुकलं? २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा घ्यायला सांगितला, आणि घराघरांत सकाळ-संध्याकाळ तोच दरवळ सुटला. तेव्हापासून दालचिनी आणि तुळस एका पाण्यात उकळली की आपल्याला थर्मामीटर आठवतो. स्वेटरवाल्या बाईला जो वास सणासुदीचा वाटतो, तो आमच्या सासूबाईंना विलगीकरणाचा वाटला. उपाय साधा निघाला. तुळस आणि आलं वगळलं, मोसंबीची साल आणि गवती चहाची दोन पाती गाठ मारून टाकली. त्याच दालचिनीने लगेच कूस बदलली. सासूबाई म्हणाल्या, "हं, आता काहीतरी वेगळं येतंय." त्यांच्या तोंडून ही बऱ्यापैकी दाद.

मोसंबीची साल हा या प्रकाराचा कणा आहे आणि ती ठाण्यात फुकट मिळते. ऑक्टोबरमध्ये स्टेशनकडच्या रसाच्या दुकानांमागे सालींचे ढीग पडलेले असतात. मागितल्या तर रसवाला आधी आपल्याकडे नीट बघतो आणि मग गाय पाळली आहे का, असं विचारतो. महिन्याच्या शेवटाकडे नागपूरच्या आंबिया बहराची संत्री गाड्यांवर दिसायला लागतात. त्यांची साल सैल, तेलकट आणि जास्त बोलकी. लहानपणी ही साल चिमटीत दाबून भावाच्या डोळ्यात उडवली नसेल असं मराठी मूल विरळा. दिवाळीत तीच पणतीच्या ज्योतीवर दाबली की तडतड ठिणग्या उडायच्या. ते तेल सालीच्या रंगीत भागात असतं. आतला पांढरा भाग वासाच्या कामाचा नाही, तो नुसता पाणी शोषून फुगतो.

या तेलाची एक गंमत आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि ते उकळतं १७६ अंशांना. लवंगेतलं युजेनॉल तर अडीचशेच्या वर. पातेल्यातलं पाणी बिचारं शंभराच्या पुढे जात नाही. मग वास निघतो कसा? तर पाण्यात न विरघळणारं तेल पाण्यासोबत तापलं की दोघांच्या वाफेचा दाब एकत्र जमा होतो आणि शंभराला पोचायच्या आतच दोघं मिळून उठतात. पाण्याची वाफ तेलाला बोट धरून घेऊन जाते. कनोजचे अत्तरवाले हेच करतात. तांब्याच्या देगीत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, वाफ नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवलेली. ते वाफ अडवतात, आपण ती हॉलमध्ये सोडून देतो. पैसे त्यांना मिळतात यात नवल नाही.

हे कळल्यावर दोन गोष्टी आपोआप सुधारल्या. एक म्हणजे आच. खळाखळा उकळलं तर सालीचा वास पहिल्या दहा मिनिटांतच उडून जातो आणि मागे शिजलेल्या फळाचा जॅमसारखा वास राहतो. कडेला बारीक बुडबुडे यावेत इतपतच गॅस हवा. दुसरं म्हणजे क्रम. साल हलकी, ती पटकन सुटते, दालचिनी-लवंग सावकाश. म्हणून एक लिटर पाण्यात आधी बोटभर दालचिनी, तीन लवंगा आणि वेलचीची टरफलं (दाणे काढून मसाल्याच्या दुधाला वापरलेले), आणि पंधरा मिनिटांनी साल आणि गवती चहा. लवंगा तीनच. हात सैल सुटला तर घराचा दातांचा दवाखाना होतो. दंतवैद्य तेच युजेनॉल वापरतात, त्यामुळे आलेला पाहुणा नकळत गालाला हात लावतो. पाण्याकडे मात्र लक्ष हवं. ते आटलं की सालीतली साखर बुडाला करपते, आणि तो वास दालचिनीपेक्षा फार चिवट असतो. पातेलं गॅसवर ठेवून खाली भाजी आणायला जायचं नाही.

मसाले विकत आणावे लागत नाहीत. उन्हाळ्यात जांभळी नाक्यावरून खडा मसाला आणून तो डंकावर कुटून घेतला की डब्यांच्या तळाशी थोडं थोडं उरतंच: तुटकं चक्रीफूल, तमालपत्राचा चुरा, दोनचार मसाला वेलच्या. ऑक्टोबरपर्यंत त्यांचा भाजीतला दम संपलेला असतो, पण पातेल्यात ते अजून कामाचे असतात. दगडफुलापासून मात्र सावध. चिमूटभर पडलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, "आज मटण वाटतं? वार कुठला आहे?" नवरात्र चालू होतं. मी मोसंबीच्या साली दाखवल्या तरी त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

फुलांचं म्हणाल तर फुलांनी निराशा केली. दसऱ्यानंतर दाराच्या तोरणातला झेंडू हाताशी असतो म्हणून लेकीने पाकळ्या टाकल्या. पाण्याला रंग झकास आला, वास गवत शिजवल्यासारखा. सोसायटीच्या आवारातला प्राजक्त तर टाकूच नये. सकाळच्या गारव्यात आपणहून गळणाऱ्या फुलाला उकळत्या पाण्यात घालणं हा अरसिकपणा आहे, आणि फळही काही मिळत नाही. वाळ्याकडून माझ्या मोठ्या अपेक्षा होत्या. पण त्याचं तेल इतकं जड की ते काढणारे तासन्‌तास वाफ देत बसतात. आमच्या अर्ध्या तासात त्याने पाण्याला जेमतेम मातकट रंग दिला. त्याचं खरं ठिकाण उन्हाळ्यातला माठच.

सगळ्यात मजेशीर भाग पुढेच आहे. ज्याने हे सगळं केलं, त्याला वास येत नाही. पहिली पाच-सात मिनिटं येतो, मग नाक त्याला सरावतं आणि हिशेबातून काढून टाकतं. मी ओट्यापाशी उभी राहून लेकीला विचारत असते, "येतोय का गं?" तीही माझ्याइतकीच निकामी. ऑफिसातून आलेला नवरा दार उघडताच "अरे वा!" म्हणतो आणि चहा होईपर्यंत तोही आमच्यात जमा. पार्सल घेऊन येणारा मुलगा उंबऱ्यावर क्षणभर रेंगाळला तर समजायचं, पातेलं जमलं. शेवटी मी एक युक्ती काढली. पातेलं चढवून अर्धा तास झाला की गॅसपाशी सासूबाईंना बसवायचं, कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जायचं, गेटपर्यंत चक्कर मारायची आणि परत वर यायचं. आपल्या घराचा वास आपल्याला हवा असेल तर पाहुण्यासारखं आत यावं लागतं. कुबट वासालाही हाच नियम लागू, हे लक्षात आल्यावर मात्र मी पावसाळ्यात आमच्याकडे येऊन गेलेल्या सगळ्या मंडळींची यादी मनात केली आणि ओशाळले.

त्या चकरेत खाली गेटजवळ वेगळाच प्रकार चालू असतो. रस्त्याकडेला सातविणीची झाडं आहेत आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्यांच्या हिरवट-पांढऱ्या गुच्छांचा वास अंगावर येतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत कुठेही जा, या दिवसांत सातवीण आधी नाकाला भेटते, मग डोळ्यांना. अर्ध्या सोसायटीचं डोकं दुखतं आणि उरलेले अर्धे मोठा श्वास घेतात. जुन्या संस्कृत कवींनी हा वास हत्तीच्या मदासारखा म्हटलाय. मी हत्ती जवळून हुंगलेला नाही, पण उग्रपणाबद्दल त्यांच्याशी सहमत आहे. हिच्या लाकडाच्या पाट्या करायचे म्हणून शास्त्रीय नावातही ती विद्वानांची झाली, अल्स्टोनिया स्कॉलरिस. तर स्वेटरवाल्या बाईला शरद ऋतूचा वास घरात शिजवावा लागतो. आमचा बाहेर झाडावर, विनागॅस, रात्रभर. खिडकी उघडी राहिली तर मोसंबी आणि सातवीण हॉलमध्ये समोरासमोर येतात, आणि मोसंबी हरते.

कोजागरीला पातेल्याची गरज नसते. केशर, वेलची, जायफळ घातलेलं दूध आटत असताना दुसरं काही उकळायची कोणाची हिंमत? आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर आमची चारही बर्नरं फराळाची. भाजणी भाजायला घेतली की धण्या-जिऱ्याचा वास पार लिफ्टपर्यंत जातो, चौथ्या मजल्यावर चिवड्याची फोडणी पडते, कोणाकडे तरी बेसन खमंग होत असतं. उटण्याचं पाकीट फोडलं की त्यातला नागरमोथा आणि कचोरा न्हाणीघर ताब्यात घेतात.

त्या दिवसांत सालींची पिशवी फ्रीजरमध्ये जाते. तिच्यावर मी मोठ्या अक्षरात "वासासाठी" असं लिहून ठेवलंय, कारण सासूबाईंनी एकदा त्यातल्या निम्म्या लोणच्याला काढल्या. लोणचं चांगलं झालं होतं. उरलेल्या निघतात तुळशीच्या लग्नानंतर. येऊरच्या डोंगराकडून पहाटे जरा गार वारा यायला लागतो, पंखा तीनवर येतो आणि वाफेचं पातेलं घरात सोसवतं.