बाळाचा मेंदू तल्लख व्हावा म्हणून पोटात असताना काय करावं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मुंबईत मेंदूच्या जडणघडणीवर संशोधन करते. उंदराच्या गर्भात मज्जापेशी कशा जन्मतात, एकमेकींना संदेश कधी आणि कसे द्यायला लागतात, हा माझा विषय. हे कळलं आणि घरात कुणी गरोदर असलं, की पुढचा प्रश्न येतोच: "मग ताई, बाळ पोटात असतानाच त्याचा मेंदू तल्लख करता येतो का? गर्भसंस्काराचा क्लास लावू का?" लोकलच्या लेडीज डब्यात विचारतात, डोहाळजेवणाला विचारतात, व्याख्यान संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. या प्रश्नामागची काळजी खरी असते, म्हणून सविस्तर सांगते.

आधी वेळेबद्दल. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात, आणि क्लासचा विचारही बहुतेक पोट दिसायला लागल्यावर. बाळाचा मेंदू एवढा वेळ थांबलेला नसतो. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटलेली असते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर हे काम उरकत आलेलं असतं. ही नळी नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. आधीचं मूल ही नळी नीट न मिटल्याच्या दोषाचं जन्मलेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत एक चाचणी झाली. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलेल्यांमध्ये तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी कमी झालं. हे 1991 साली प्रसिद्ध झालं. एवढा ठाम पुरावा आमच्या क्षेत्रात क्वचितच मिळतो. म्हणून मूल हवं असं ठरलं, की त्याच महिन्यात डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. एरवी दिवसाला 400 मायक्रोग्रॅम पुरतात. आधी असं मूल झालं असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरच ठरवतात.

पुढचे काही महिने पेशींच्या जन्माचे. मेंदूच्या आतल्या पोकळीलगत त्या जन्मतात आणि लांबलचक आधारपेशींना धरून बाहेरच्या बाजूला सरकतात. नंतर जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून त्यांच्याही पलीकडे जाऊन बसतात. मेंदूच्या बाह्यस्तरातल्या बहुतेक पेशी गर्भारपणाच्या मध्यापर्यंत जन्मून झालेल्या असतात. कुणी काय व्हायचं, याचे आदेश जनुकं आणि शेजारच्या पेशी देतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने 2008 मध्ये उंदरात दाखवलं, की एलएचएक्स2 हे एक जनुक ठिकठिकाणी बंद पाडलं, तर तिथल्या पेशी बाह्यस्तराचं काम सोडून शेजाऱ्यांना "तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा" असा संदेश देऊ लागतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी घडवणारा भाग. तो मग एकाच मेंदूत नको त्या जागीही घडायला लागतो! हा प्रयोग मला आजही थक्क करतो. इतक्या नेमक्या कामात बाहेरून श्लोक ऐकवून भर घालता येत नाही.

मग पेशी एकमेकींशी बोलू लागतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत गाबा हे रसायन मज्जापेशींना शांत करतं. कोवळ्या पेशींवर मात्र त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो. त्यांच्यात क्लोराइड साठलेलं असतं. गाबाने वाट मोकळी केली की ते बाहेर जातं आणि पेशी उत्तेजित होते. पुढे केसीसी2 नावाचं प्रथिन वाढतं, क्लोराइड बाहेर काढून टाकतं, आणि तेच गाबा शांत करणारं ठरतं. गाबाचा हा उत्तेजित करणारा परिणाम येहेझकेल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत नोंदवला. डोळ्यांचंही तसंच नवल. पापण्या मिटलेल्या, प्रकाशाचा पत्ता नाही, तरी पिल्लाच्या दृष्टिपटलावर विद्युत संदेशांच्या लाटा उठत असतात आणि त्यांच्या आधारे डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या जोडण्या ठाकठीक होतात. मैफिलीआधी तंबोरा जुळवावा तसं हे चाललेलं असतं. म्हणून पोटावर हेडफोन ठेवू नका, असं मी स्पष्ट सांगते. कोवळ्या मेंदूला त्याच्या वेळेला त्याचे स्वतःचे संदेश पुरतात.

मग बाळाला ऐकू येतच नाही का? येतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते आवाजाला प्रतिसाद देतं, आणि जन्मल्यावर लगेच आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापेक्षा पसंत करतं, हे 1980 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. आईचं रोजचं बोलणं त्याच्यापर्यंत आपोआप पोचतंय. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते, असं जे सांगतात, त्याचं मूळ 1993 चा एक अभ्यास आहे. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. बाळांचा त्यात संबंध नव्हता. तुम्हाला रामरक्षा म्हणून बरं वाटत असेल तर जरूर म्हणा, तुमचं मन शांत होतं हे काही कमी नाही. मात्र त्यासाठी हजारो रुपये मोजू नका.

ताणाबद्दल मात्र मी गंभीर आहे. टाटा संस्थेतच विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावर काम करतो. उंदराच्या पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं, तर ती मोठेपणी जास्त भित्री होतात आणि त्यात सेरोटोनिनच्या संदेशांचा वाटा असतो, असं तिथल्या प्रयोगांत दिसलं. उंदरावरचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. शिवाय हे वाचून गरोदर बाईला "ताण घेऊ नकोस" असं बजावणं म्हणजे तिचा ताण वाढवणंच. नवव्या महिन्यापर्यंत डोंबिवली-सीएसएमटी उभ्याने जाणाऱ्या, घरी येऊन स्वयंपाक करणाऱ्या मुलीला क्लास लावून देण्याऐवजी तिचं काम कमी करा. हे मी तिच्या सासूला आणि नवऱ्यालाही सांगते. तिच्या रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासा, मीठ आयोडीनयुक्त वापरा. आईला थायरॉइड कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर खरोखर परिणाम होतो.

आणि एक गोष्ट, जी सहसा दबक्या आवाजात विचारली जाते: "ताई, मी नैराश्याच्या गोळ्या घेते, बंद करू का?" वाढीच्या काळात असं औषध दिलेल्या उंदरांच्या पिल्लांत पुढे चिंतेची लक्षणं दिसली, हे 2004 मधलं संशोधन तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं आणि घाबरलेल्या असता. तरी मनाने गोळी बंद करू नका. उपचाराविना राहिलेलं नैराश्य आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनाही एकमेकांशी बोलायला लावा. औषध तेच ठेवायचं, बदलायचं की मात्रा कमी करायची, हे तुमची तब्येत पाहून ते ठरवतील. तोवर आजची गोळी घ्या.